स्टीरिओला सबवूफर जोडताय? पहिल्या केबलपासून शेवटच्या नॉबपर्यंत सगळं नीट करूया

सब, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा सबवूफर, पहिल्यांदा घरी आला की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर बॉक्स फोडायचा, हॉलमध्ये जो कोपरा रिकामा असेल तिथे ठेवायचा, केबल खोचायची आणि नॉब अर्ध्यावर. दोन दिवस सगळ्याच गाण्यांना धमधम येते, मजा वाटते, तिसऱ्या दिवशी डोकं जड व्हायला लागतं आणि महिन्याभरात सबचं बटण कायमचं बंद. असे बंद पडलेले चांगले चांगले सब मी मित्रांकडे बघितलेत आणि दर वेळी सबमध्ये काहीच खोट नव्हती, फक्त तो नीट बसवला नव्हता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

आधी ऐकायचंय काय ते डोक्यात पक्कं करा. सब नीट बसला की सब ऐकू येत नाही. आवाज तुमच्या दोन स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं, फक्त ते स्पीकर अचानक मोठे झाल्यासारखे वाटतात. माझी स्वतःची कसोटी म्हणजे डग्गा. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबलजी मनगटाने डग्ग्यावर दाब देत स्वर वर-खाली नेतो ना, ती मींड सलग ऐकू आली पाहिजे, एक स्वर फुगून पुढे आला आणि पुढचा गायबच झाला असं होता कामा नये. तंबोऱ्याचंही तसंच. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. आता गंमत बघा, सब आणि स्पीकर जिथे एकमेकांच्या हातात काम देतात ती जागा नेमकी इथेच कुठेतरी येते, त्यामुळे जोड कच्ची असेल तर खर्ज एकतर पोकळ वाटतो नाहीतर गुबगुबीत.

अजून थोडे आकडे, कारण पुढे लागणार आहेत. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ ला. आपल्याकडे घरोघरी जे पाच-साडेपाच इंची वूफरचे बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर असतात ते साधारण ५५-६० हर्ट्झच्या खाली दम तोडायला लागतात. त्यात त्यांचा दोष काही नाही, तेवढ्याच आवाजाला एक सप्तक खाली जायचं तर वूफरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) चौपट अंतर मागे-पुढे हलावं लागतं आणि छोट्या कोनला ते झेपत नाही. ते ओझं सबने उचलायचं, एवढंच त्याचं काम.

कोणता सब

इथे मी फार वेळ घालवणार नाही. १० बाय १२ किंवा १० बाय १५ च्या हॉलमध्ये प्रामुख्याने गाणी ऐकायची असतील तर आठ किंवा दहा इंची सीलबंद पेटीचा सब पुरतो. सीलबंद सबचा आवाज खाली हळूहळू उतरतो, सप्तकाला १२ डेसिबलने, आणि लहान खोली खालच्या बासला स्वतःच थोडा हात देते, त्यामुळे दोन्ही मिळून हिशोब बरोबर बसतो. भोक असलेला म्हणजे पोर्टेड सब तेवढ्याच खर्चात जास्त जोरात वाजतो पण एका ठिकाणाच्या खाली तो धाडकन पडतो, सप्तकाला २४ ने. सिनेमा जास्त बघत असाल तर तो घ्या. आणि बजेट असेल तर एका मोठ्या सबपेक्षा दोन लहान बरे, त्याचं कारण पुढे येईल. वायरलेस सब घेणार असाल तर त्याचा आवाज किती उशिरा पोचतो ते विचारून घ्या, कारण उशीर जास्त असेल तर पुढची फेजची (सब आणि स्पीकरची लय जुळवायची) पायरी जमतच नाही.

अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारून बघा

केबल विकत घ्यायच्या आधी हे करा. अ‍ॅम्पच्या पाठीमागे तीनपैकी काय आहे ते बघायचं.

सब-आऊट लिहिलेलं एक आरसीए (गोल पिनेच्या केबलचं) भोक असेल तर सोपं काम, एक केबल, अ‍ॅम्पपासून सबवर एलएफई किंवा लाइन इन लिहिलेल्या भोकापर्यंत. ते नसेल पण प्री-आऊट लिहिलेल्या भोकांची जोडी असेल तर डावी-उजवी दोन्ही केबल सबच्या डाव्या-उजव्या इनपुटला जातात. इथे एक चूक नेहमी होते. टेप-आऊट किंवा रेक-आऊट दिसलं की लोक त्यालाच सब जोडतात, आणि त्या भोकातून येणारा सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबने बदलतच नाही, त्यामुळे तुम्ही गाणं बारीक केलंत तरी सब आपला त्याच जोरात. तिथे जोडू नका.

तिसरा प्रकार म्हणजे हाय-लेव्हल. अ‍ॅम्प जुना असेल, मागे फक्त स्पीकरचे टर्मिनल असतील तरी काही अडत नाही, सबला हाय-लेव्हल इनपुट असेल तर त्याच टर्मिनलवरून स्पीकरच्या वायरसोबत अजून एक वायर सबला न्यायची. सबला स्वतःचा अ‍ॅम्प असतो, त्यामुळे तो तुमच्या अ‍ॅम्पकडून करंट जवळजवळ घेतच नाही, स्पीकरवर काही परिणाम होत नाही. मला स्वतःला दोन चॅनलच्या सिस्टीमसाठी ही पद्धत जास्त आवडते. काळजी दोनच गोष्टींची. एक, जोडताना अ‍ॅम्प बंद, प्लगसुद्धा काढलेला, आणि वायरचा एकही केसाएवढा तुकडा शेजारच्या टर्मिनलला चिकटलेला नको, शॉर्ट झालं तर अ‍ॅम्पचं आउटपुट जाऊ शकतं. दोन, अ‍ॅम्प क्लास डी (स्विचिंगवर चालणारा) असेल किंवा ब्रिज केलेला (दोन चॅनल मिळून एक स्पीकर चालवणारा) असेल तर त्याचं काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड असेलच असं नाही, अशा वेळी सबची काळी वायर स्पीकरच्या निगेटिव्हला न लावता अ‍ॅम्पच्या बॉडीच्या ग्राउंडला लावतात. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, जोडायच्या आधी वाचा.

केबलसाठी खूप पैसे घालवू नका. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे बऱ्यापैकी शिल्ड असलेली आरसीए केबल सहज मिळते. लांबी मात्र मोकळ्या हाताने घ्या, निदान पाच मीटर, कारण सब शेवटी कुठे जाणार ते तुम्हाला अजून माहीत नाही, आणि केबल आखूड निघाली की माणूस सबची जागा केबलच्या हिशोबाने ठरवतो, तिथेच सगळं बिघडतं.

जोडल्या जोडल्या घूंऽऽ असा सलग आवाज आला तर घाबरू नका, तो आपल्या मेनचा ५० किंवा १०० हर्ट्झचा हम आहे. बहुतेक वेळा कारण एकच, अ‍ॅम्प एका स्विचबोर्डवर आणि सब दुसऱ्या भिंतीच्या बोर्डवर, दोन्हीच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि आरसीएच्या शिल्डमधून करंट फिरतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन बघा. तरी राहिला तर सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर काढून बघा, ती बाहेरून कुठूनतरी वेगळंच ग्राउंड घेऊन येते आणि कित्येक घरांत चोर तीच निघते. काही लोक प्लगची वरची जाड पिन काढून टाकायला सांगतात, हम जातोही. ते कधीही करू नका. ती पिन शॉक लागू नये म्हणून आहे, घरात लहान मुलं असतात, ओल्या हाताने कोणीतरी सब सरकवतं.

जागा, जागा आणि जागा

आता खरं काम. नॉबला अजून हात लावायचा नाही.

खोलीत बास का बिघडतो ते थोडक्यात. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब, तुमच्या अख्ख्या हॉलपेक्षा मोठी. ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटते आणि काही ठराविक स्वरांना खोली स्वतःच घुमायला लागते. हिशोब सोपा आहे, १७२ ला खोलीच्या लांबीने भागा, लांबी मीटरमध्ये. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. १० फुटाला ५६. हे दोन स्वर १० बाय १२ च्या खोलीत फुगणार, सब कितीही महाग असो. भिंतीजवळ ते सगळ्यात जोरात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य.

आणि आपली घरं. परदेशी व्हिडिओ बघून सेटिंग करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्सम बोर्डच्या असतात, त्या बासबरोबर थोड्या हलतात आणि तेवढा बास खाऊन टाकतात. आपल्याकडे वीट नाहीतर आरसीसी, वर प्लॅस्टर, खाली टाइल्स. काही म्हणजे काही हलत नाही, सगळा बास परत खोलीत. त्यामुळे त्यांच्याकडे जो फुगवटा सहन होण्यासारखा असतो तो आपल्याकडे डोकं उठवतो. जागेवर इतका जीव तोडून बोलतोय ते याचसाठी.

उपाय जुना आणि फुकट आहे. सबची जागा आणि तुमची जागा अदलाबदल करायची. सब उचलून तुमच्या बसायच्या जागेवर, म्हणजे थेट सोफ्यावर किंवा खुर्चीवर ठेवायचा, आणि तुम्ही जिथे जिथे सब ठेवता येण्यासारखा आहे तिथे गुडघ्यांवर रांगत जाऊन कान सबच्या उंचीला आणून ऐकायचं. ज्या ठिकाणी बास सगळ्यात सारखा, स्वच्छ ऐकू येतो तिथे सब ठेवायचा. दोन जागांमधला आवाजाचा रस्ता उलटसुलट सारखाच असतो, म्हणून हे चालतं.

कोथरूडला एका मित्राकडे आम्ही हे केलं ते सांगतो. हॉल १० बाय १२ चा, सब टीव्ही युनिटच्या मागच्या कोपऱ्यात, आणि मित्राची तक्रार की तबला ऐकवत नाही. सोफ्यावर जुनी चादर टाकून सब वर ठेवला, अ‍ॅम्पवर विलंबित एकतालाची एक साथ लावली आणि आम्ही दोघं भिंतीकडेने रांगायला लागलो. टीव्हीच्या कोपऱ्यात कान नेला तर डग्ग्याचा एक ठराविक स्वर आला की अख्खा कोपरा घुमायचा, बाकीचे स्वर त्याच्याखाली दबून जायचे. बाल्कनीच्या दारापाशी, म्हणजे लांबीच्या जवळजवळ मध्यावर, डग्गा पातळ, नुसती चाटीच ऐकू येते. मित्राची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, त्या तरुणपणी गाणं शिकल्यात. मी शोकेसच्या बाजूला सरकलो तेव्हा त्याही पदर खोचून खाली बसल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, इथे बघ, इथे मींड तुटत नाहीये, तिकडे कोपऱ्यात एकच सूर ओरडत होता." मी म्हटलं, "काकू, अजून फूटभर डावीकडे ऐकून बघता का?" तिथे पुन्हा फुगायला लागलं. मग कोपऱ्यापासून अडीच फुटांवर, शोकेस आणि डावा स्पीकर यांच्या मध्ये, ती जागा ठरली. त्या दिवशी नॉबला कोणी हातही लावला नव्हता आणि निम्म्याहून जास्त काम झालेलं होतं.

रांगताना काय ऐकायचं? जोर ऐकू नका, सारखेपणा ऐका. कोपऱ्यात बास नेहमीच जास्त जोरात येणार, कारण तिथे खोलीचे सगळे घुमणारे स्वर एकदम जागे होतात, नवखा माणूस जोराला भुलतो आणि कोपराच निवडतो. डग्ग्याची मींड, पखवाज, नाहीतर खाली-वर चालणारी बास गिटार लावा आणि बघा की सगळे स्वर एकाच उंचीचे वाटतायत का. मोबाईलवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर नेत ऐकलं तरी चालतं, आवाज बेताचा ठेवा.

सब भिंतीजवळच राहू द्या, फूटभर अंतर ठीक. भिंतीपासून १ मीटर पुढे आणला तर मागच्या भिंतीवरून परत येणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास पुढच्या लाटेला मारते, नेमकी जोडाच्या जागी. आणि जमलं तर सब दोन स्पीकरच्या ओळीतच किंवा त्यांच्या जवळ, खोलीच्या मागच्या टोकाला एकटा सब ठेवला तर पुढे फेजसाठी झगडावं लागतं.

आता सोफा. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, जागा कुठे आहे. पण भिंतीला टेकून बसलात की तुम्ही त्या फुगवट्याच्या सगळ्यात जाड भागात डोकं ठेवून बसलात. फूट-दीड फूट पुढे ओढता आला तर ९०-१०० हर्ट्झच्या आसपासचा गुबगुबीतपणा कानाला कळण्याइतका उतरतो. ऐकतानाच पुढे ओढा, नंतर परत ढकला, घरच्यांनाही चालतं.

दोन सब का, तर एका सबला जी जागा पोकळ वाटते तिथे दुसरा भर घालतो आणि पूर्ण सोफ्यावर बास सारखा मिळतो. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी यावर पद्धतशीर काम केलंय, त्यात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सब ही मांडणी खूप चांगली ठरली. एकाच खुर्चीत एकटेच ऐकत असाल तर एक सबही पुरतो.

क्रॉसओव्हर

क्रॉसओव्हर म्हणजे सब किती हर्ट्झपर्यंत वाजणार ती सीमा. इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

तुमच्याकडे एव्हीआर, म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर असेल, किंवा सब-आऊटसोबत स्पीकरचा खालचा बास कापणारा अ‍ॅम्प असेल, तर सेटिंगमध्ये स्पीकर स्मॉल करा, म्हणजे त्यांचा खालचा बास सबकडे जातो, आणि ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. ८० च्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय ते कानाला ओळखता येत नाही, म्हणून हा आकडा चालत आलाय. स्पीकर मोठे वाटतात म्हणून लार्ज करू नका, छोट्या वूफरवरचं ओझं उतरलं की त्याचा मधला आवाजही मोकळा होतो. आणि सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर फिरवून ठेवा किंवा एलएफई मोडला टाका, नाहीतर एकाच ठिकाणी दोनदा गाळणी लागते.

साधा स्टीरिओ अ‍ॅम्प असेल, तर स्पीकर त्यांच्या नैसर्गिक मर्यादेपर्यंत वाजतच राहतात आणि सबने त्यांच्या खालून वर यायचं असतं. इथे ८० वर लावलंत तर ५५ ते ८० मध्ये दोघंही वाजतात आणि छाती भरून आल्यासारखा बास होतो. नॉब सगळ्यात खाली, ४० वर, आणि तिथून हळूहळू वर. पाच इंची बुकशेल्फला बहुतेक वेळा ५०-६० च्या आसपास थांबावं लागतं, टॉवर म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर असतील तर ४० च पुरतात. नॉबवर छापलेले आकडे ढोबळ असतात, कानावर विश्वास ठेवा.

कान कशाने तपासायचा? पुरुष निवेदकाच्या बातम्या लावा, नुसतं बोलणं. सब चालू-बंद करा. बोलण्यात काहीच फरक पडायला नको. निवेदक माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर क्रॉसओव्हर वर आहे किंवा सबचा आवाज जास्त आहे, किंवा दोन्ही. मी नवीन ठिकाणी गेलो की गाण्याच्या आधी बातम्या लावतो.

लेव्हल

सबच्या आवाजाचा नॉब शून्यावर. ओळखीचं गाणं, रोजच्या आवाजात. हळूहळू वाढवा, जिथे सब आहे हे पहिल्यांदा कळलं तिथे थांबा आणि थोडा मागे घ्या. मग गाणं चालू असताना सब बंद करा. खोली एकदम आकुंचन पावल्यासारखी वाटली, गायकाच्या मागची मोकळी जागा गेली, तर लेव्हल बरोबर आहे. एका गाण्यावर ठरवू नका, प्रत्येक रेकॉर्डिंगचा बास वेगळा असतो, पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी ऐका, त्यात एक तरी अशी असू दे ज्यात बास जवळजवळ नाहीच. त्यातही सब काहीतरी बोलत असेल तर जास्त आहे.

फेज, म्हणजे लोक जो नॉब घाबरून सोडून देतात तो

सब आणि स्पीकर दोघंही ६०-७० हर्ट्झ वाजवतायत, पण सब तुमच्यापासून लांब आहे किंवा त्याच्या आतल्या फिल्टरमुळे थोडा उशिरा बोलतोय. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढत असेल तर दोघं मिळून शांत. ८० हर्ट्झला १ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ पाव चक्र, सव्वादोन मीटरला अर्ध चक्र, म्हणजे पूर्ण उलटं. मग माणूस म्हणतो बास पातळ आहे, लेव्हल वाढवतो, त्याने खालचे स्वर फुगतात आणि जोडाची पोकळी तशीच राहते. हे फार ठिकाणी बघितलंय.

करायचं असं. क्रॉसओव्हर जिथे लावलाय तोच आकडा टोन जनरेटरमध्ये टाका, समजा ६० हर्ट्झ. एकाने नेहमीच्या जागी बसायचं, डोकं हलवायचं नाही, दुसऱ्याने सबच्या मागे जाऊन फेजचा नॉब ० ते १८० हळू फिरवायचा. जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथे सोडायचा. नुसता ०-१८० चा खटका असेल तर दोन्हीपैकी मोठा कुठला ते बघायचं, झालं.

पण मोठ्यातला सगळ्यात मोठा ओळखणं कानाला अवघड जातं, त्यामानाने शांत झालेलं लगेच कळतं. म्हणून अजून पक्की युक्ती. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायर उलट करा. हे स्पीकरच्या टोकाला करायचं, अ‍ॅम्पच्या नाही, कारण सब हाय-लेव्हलवर असेल तर अ‍ॅम्पच्या टोकाला उलटं केल्याने सबही सोबत उलटा होईल आणि हाती काही लागणार नाही. आता तोच टोन लावून नॉब फिरवा आणि जिथे आवाज अगदी बसतो, जवळजवळ नाहीसा होतो, ती जागा शोधा. मिळाली की अ‍ॅम्प बंद, वायर पुन्हा सरळ. जिथे उलट्या स्पीकरशी सगळ्यात जास्त मारामारी होत होती तिथेच सरळ स्पीकरशी सगळ्यात चांगली जोडी जमते. पहिल्यांदा हे केल्यावर तंबोऱ्याचा खर्ज लावून बघा, मागून उठून पुढे आल्यासारखा वाटतो, माझ्या अजूनही दर वेळी अंगावर काटा येतो.

एव्हीआरमध्ये नॉबऐवजी सबचं अंतर टाकायचं असतं. टेपने मोजलेल्यापेक्षा मशीनने जास्त अंतर दाखवलं तर बदलू नका, सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा उशीर त्यात धरलेला असतो. फेज झाल्यावर एकदा लेव्हलवर परत जा, जोड जमल्यावर लेव्हल थोडी खाली आणावी लागते.

मोजायचं असेल तर

कानाने इथपर्यंत छान पोचता येतं. त्यापुढे जायचं तर खोलीतला आवाज मोजणारं आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एक यूएसबी मेजरमेंट माइक लागतो. मोबाईलच्या माइकवर खालच्या बासचा भरवसा नको, तो बोलण्यासाठी बनवलेला असतो. साउंड लेव्हल मीटरचं अ‍ॅप वापरलंच तर ते ए-वेटिंगवर (कानासारखा बास कमी मोजणारी सेटिंग) ठेवू नका, ५० हर्ट्झला ते ३० डेसिबल कमी दाखवतं, सी किंवा झेडवर घ्या. ग्राफमध्ये जे डोंगर दिसतात ते इक्वलायझरने कापा, खरं सांगतो, १० बाय १२ च्या खोलीतला ४७ चा डोंगर सहा-आठ डेसिबल कापला की आयुष्य बदलतं. खड्डे मात्र भरायला जाऊ नका. खड्डा म्हणजे दोन लाटा एकमेकींना मारतायत, तिथे कितीही जोर लावा, मारणारी लाटही तेवढीच वाढते आणि सबचा अ‍ॅम्प फुकट तापतो. खड्ड्याला औषध जागा बदलणं किंवा दुसरा सब.

खडखड आणि शेजारी

सब नीट लागला की घरातल्या सगळ्या सैल वस्तू बोलायला लागतात. टोन ३० पासून १०० पर्यंत हळू न्या आणि घरात फिरा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या हा पहिला गुन्हेगार, त्यांच्या फटीत लोकरी पट्टी बसवली की गप्प होतात. मग शोकेसची काच, भिंतीवरचं घड्याळ, मांडणीवरचे स्टीलचे डबे. एका घरी सबमधून खरखर येते म्हणून सब दुरुस्तीला न्यायची तयारी झाली होती आणि खरखर देव्हाऱ्याच्या वरच्या फोटोफ्रेमची निघाली, मागे दोन फेल्टचे तुकडे चिकटवले आणि संपलं.

खालच्या मजल्यावरच्यांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. जाड रबर किंवा फोमच्या पॅडवर सब ठेवला की पेटीची थरथर थेट स्लॅबमध्ये जात नाही, पण हवेतून जाणारा बास पॅडने थांबत नाही, तो भिंती-स्लॅबमधून जातोच. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल, आणि हे आकडेही ए-वेटिंगचेच, म्हणजे मीटर कमी दाखवत असला तरी खालच्या काकांच्या उशीखाली धमधम पोचत असू शकते. त्यापेक्षा एकदा खाली जाऊन विचारा, "काका, आत्ता ऐकू येतंय का?" मित्राला वरती नॉब फिरवायला सांगा आणि त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून स्वतः ऐका. माझा अनुभव असा की आपणहून विचारलं की लोक खूप समजून घेतात.

रात्री बारीक आवाजात ऐकताना बास गेल्यासारखा वाटतो. तो सबचा दोष नाही, आपला कानच बारीक आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. रात्रीसाठी लेव्हल थोडी वर लागते, पण मग खालच्या मजल्याचा हिशोब आलाच, त्यामुळे मी रात्री आहे तसंच ऐकतो. आणि अजून एक, सब ऑटो मोडवर असेल तर बारीक आवाजात तो जागाच होत नाही किंवा गाण्याच्या मध्येच झोपतो. तसं होत असेल तर ऑन वर ठेवा आणि ऐकून झालं की बटण बंद करा.

सगळं झाल्यावर सबच्या मागच्या पॅनलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तिन्ही नॉब स्पष्ट दिसतील असा, आणि सबच्या चारही कोपऱ्यांशी फरशीवर मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवा. दिवाळीच्या साफसफाईत सब हलणार आहे, झाडूच्या दांड्याने फेजचा नॉब फिरणार आहे, आणि तो फोटो नसेल तर परत ६० हर्ट्झ लावून बसावं लागेल.